ढगाळ आठवड्यातली सुकेळी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. नोकरी मात्र जन्मभर थंड डोक्याची केली. आमच्या जिल्ह्याच्या वरच्या टोकाला अणुवीज केंद्र आहे, तिथल्या कंट्रोल रूममध्ये मी तीस वर्षं काटे आणि दिवे बघितले. लोकांना वाटतं तिथे माणसं चिलखत घालून काहीतरी भयंकर करत असतात. कसलं काय. आठ तास एका जागी बसायचं, ठरल्या वेळी आकडे लिहायचे आणि काही घडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं. दिवस असो, रात्र असो, पाऊस असो, भट्टीची आच सारखी. त्या सारखेपणाचा मला फार अभिमान होता आणि अजूनही आहे.

त्या कामाची एक रीत माझ्या हाडात मुरली आहे. पाळी संपली म्हणून उठून चालू लागायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस समोर आला की त्याला चार्ज द्यायचा. काय चालू, काय बंद, कशावर लक्ष ठेवायला हवं, सगळं सांगायचं. आपल्या हातून काही चुकलं असेल तर ते सगळ्यांत आधी. तो ऐकतो, महत्त्वाचं तेवढं आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवतो आणि शेवटी 'घेतला' म्हणतो. तो 'घेतला' म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आमचे पहिले साहेब सांगायचे, लपवलेली चूक जिथल्या तिथे राहत नाही, ती पुढच्या माणसाच्या अंगावर जाते.

निवृत्त झालो आणि माणिकपूरला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. बायको म्हणाली, भाजी आणत जा, चार लोकांत मिसळा. मी वही केली. दोनशे पानी. डाव्या पानावर देशाचं नाव आणि उजव्या पानावर तो आपली वीज कशातून काढतो ते. फ्रान्स, निम्म्याहून जास्त वीज अणूची, हे माझं लाडकं पान. नॉर्वेला डोंगर आणि पाणी देवानेच दिलंय, त्यात त्यांची स्वतःची कर्तबगारी किती ते त्यांचं त्यांना माहीत. आइसलँडला जमिनीतूनच वाफ निघते. डेन्मार्कला वारा. जपानने त्सुनामीनंतर भट्ट्या बंद केल्या आणि आता चाचपडत एकेक सुरू करतोय. चीन सगळंच बांधतो, ऊन, वारा, अणू, कोळसा, त्याच्या पानाला मला दोनदा जादा कागद चिकटवावा लागला. आपल्याकडे कोळसा पुष्कळ, ऊन झपाट्याने वाढतंय आणि अणू चिमूटभर. त्या चिमटीत मी तीस वर्षं होतो, म्हणून ते पान जरा मोठ्या अक्षरात लिहिलंय.

जर्मनीचं पान मात्र कोरं होतं. त्याचं कारण माझा भाचा.

भाचा म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. बहिणीला आम्ही बाय म्हणतो. आमचं मूळ घर खाडीकाठचं, भाताचं, खारट पाण्याशी भांडणारं. बायला दिलं वटारला, वाडीत. म्हणजे गोड पाणी, केळी, नारळ, पानवेली. ती तिकडे गेली आणि वाडीवालीच झाली, बोली मात्र खाडीचीच ठेवली. नवरा लवकर गेला. तिने एकटीने वाडी सांभाळली आणि पोराला शिकवलं. तो शिकत शिकत पार जर्मनीच्या उत्तर टोकाला जाऊन पोचला. तिथे समुद्रात पवनचक्क्या उभ्या आहेत आणि उद्या वारा किती वाहील, ऊन किती पडेल, त्यातून वीज किती मिळेल, याचा अंदाज बांधायचं काम तो करतो. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून राजोडीचा समुद्र बघणारा पोरगा. मला 'मामा, तू' म्हणायचा.

जर्मनीने आपल्या शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्या त्या वर्षी तो दिवाळीला आला होता. बायच्या ओटीवर आम्ही जेवायला बसलो आणि विषय निघाला. विषय मीच काढला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, चांगल्या चालत्या भट्ट्या बंद करणाऱ्यांना काय म्हणावं? आता वारा पडला की फ्रान्सच्या दारात वाटी घेऊन उभे राहाल. तो शांतपणे म्हणाला, "मामा, मागच्या वर्षी फ्रान्सच्या निम्म्या भट्ट्या दुरुस्तीला बंद होत्या, तेव्हा वाटी घेऊन कोण आलं होतं?" ते खरं होतं. मला ते वहीत लिहावं लागलं होतं, आणि म्हणूनच मला जास्त झोंबलं. मी कोळशावर घसरलो. भट्ट्या बंद करता आणि कोळसा जाळत राहता, हा कुठला न्याय? तेही खरं होतं, आणि त्याला ते झोंबलं. तिथे थांबलो असतो तर दोघांचंही पोट भरून जेवण झालं असतं.

पण तो म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर जे सांभाळलंत ना, त्याचा कचरा माझ्या पणतवंडांनासुद्धा सांभाळावा लागेल." 'तुम्ही' म्हणाला. माझ्या तीस वर्षांना त्याने एका वाक्यात कचरा करून टाकलं असं मला वाटलं. डोकं फिरलं माझं. मी म्हटलं, "तुझ्या पणतवंडांचं सोड. इथे आई एकटी दिवा लावून बसते आणि तू तिकडे दुसऱ्यांच्या दिव्यांची काळजी करतोस. आईला टाकून गेलेल्याने मला सांभाळण्याबद्दल शिकवू नये."

बायच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. तो ताटावरून उठला. तो दोन दिवस आधीच परत गेला आणि त्यानंतर आला नाही. फोन आईला यायचा, दर रविवारी, व्हिडिओवर. मी तिथे असलो तर मी अंगणात जायचो. बायने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

मग तिचे डोळे गेले. एकदम नाही. डॉक्टरने सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजलाय, आधी उजव्या डोळ्याचा, मग डाव्याचा. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. तिला दाराची चौकट दिसते, दारात उभ्या असलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. इंजेक्शनं घेऊन आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. मी तिला स्कूटरवरून नेतो-आणतो, आणि दवाखान्यातून परतताना पहिल्याच दिवशी तिने मला शपथ घातली.

"पोराला बोलायचं नाय."

"अगं, पण का?"

"तो येईल तो माझ्यासाठी येऊ दे. डोळ्यांसाठी नको. तू त्याला बोललास ना, आईला टाकून गेला म्हनून? आता डोळ्यांचं कळलं तर त्याला वाटंल मामाचंच खरं. मला माझ्या पोराला असं हरवून आनायचं नाय."

मी ती शपथ पाळली. रविवारी फोन यायचा, बाय पडद्याकडे तोंड करायची आणि म्हणायची, "बारीक झालास रे." दीड वर्ष ती त्याला बारीक झालास म्हणत होती, आणि तिला समोर फक्त एक करडा ठिपका दिसत होता.

नोव्हेंबरच्या शेवटी तिने मला बोलावून घेतलं. पोर नाताळच्या सुट्टीत येतोय म्हणाली. आवाजात असा काही उजेड होता की मला तिच्याकडे बघवेना. मामाशी बोलशील ना, असं तिने त्याला विचारलं होतं आणि तो 'बघू' म्हणाला होता. ती मला म्हणाली, "भाऊ, मला त्याच्यासाठी सुकेळी करायचीत. ह्या टायमाला करीन, मग परत नाय. मला रंग दिसत नाय आता. तू रोज येशील? हात माझे, डोळे तुझे."

सुकेळी ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांना सांगतो. आमच्याकडे राजेळी नावाचं केळं असतं, लांब आणि जाड. ते पूर्ण पिकू द्यायचं, सोलायचं आणि बांबूच्या मांडवावर चटई घालून उन्हात वाळवायचं. सात-आठ दिवस. दिवसभर ऊन द्यायचं, उलटंपालटं करायचं, आणि संध्याकाळी सगळी केळी गोळा करून टोपलीत, केळीच्या पानात गुंडाळून झाकून ठेवायची. सकाळी परत मांडवावर. शेवटी मधासारखा गडद रंग येतो, मग सोपटात, म्हणजे केळीच्या खोडाच्या सुक्या सालीत, बांधायची. साखर नाही, मीठ नाही, दुसरं काही नाही. करणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. भाचा लहानपणी मांडवाखाली बसून टपकणारा रस जिभेवर घ्यायचा.

बायने त्याच्या येण्याच्या नऊ दिवस आधी केळी मांडवावर घातली. साठ केळी. मी रोज सकाळी माणिकपूरहून स्कूटर काढून वटारला जायचो. ती केळ्यावरून बोट फिरवायची आणि विचारायची, "रंग सांग." मी सांगायचो, "पिवळा." दुसऱ्या दिवशी, "कडेने तांबूस." ती मान हलवायची. संध्याकाळी टोपली झाकताना तिचे हात अगदी सावकाश चालायचे, पोराला पांघरूण घालावं तसे. दोन दिवस मी फार सुखात होतो. इतकी वर्षं मी सगळ्या देशांचं बघत बसलो आणि इथे बहिणीच्या अंगणात एक पैशाचं इंधन न जाळता काम चाललं होतं. वहीत ह्याला कुठलं पान द्यावं तेच मला कळेना.

तिसऱ्या दिवशी आभाळ आलं. राजोडीच्या अंगाने, समुद्रावरून, ऐन डिसेंबरात. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं करडं झाकण. चौथ्या दिवशीही तेच. केळी चिकट झाली आणि दोन-चारांवर पांढरट बुरशीचा ठिपका आला. मी बायला सांगितलं. ती म्हणाली, "पोराला फोन लाव. तो हेच तर काम करतो. उद्या ऊन पडंल का नाय ते विचार."

साधी गोष्ट होती. जगातल्या मोठ्या ग्रिडला जो माणूस उद्याचं ऊन सांगतो, तो आमचा घरचाच. एक फोन. पण मी, तीन वर्षं न बोललेला मी, त्याला फोन करून विचारू, की बाबा, उद्या ऊन आहे का? माझ्या वहीत मी शंभर वेळा लिहिलंय, ऊन-वाऱ्याचा भरवसा काय. मी म्हटलं, "त्याला कशाला त्रास? मी घेऊन जातो माझ्याकडे. चौथा मजला, दमट नाही. दोन दिवसांत बघ."

"रातचं झाकून ठेवशील ना? रातचं झाकायलाच लागतं."

"हो गं."

तिने बुरशीची चार वेगळी काढली आणि उरलेली टोपली माझ्या पायांत, स्कूटरवर ठेवली. मी घरी येऊन जुनं लाकडी कपाट रिकामं केलं, त्यात शंभरचे चार बल्ब लावले, खाली टेबलावरचा छोटा पंखा ठेवला, वर हवा जायला भोकं पाडली, आत थर्मामीटर टांगला. माझी स्वतःची छोटी भट्टी. साठ डिग्री, सारखी. बायको म्हणाली, बायने रात्री झाकायला सांगितलंय ना? मी म्हटलं, ते बाहेर दव पडतं म्हणून. इथे कुठलं दव? आच अर्धवट सोडायची नसते, एवढं तरी मला कळतं. तीस वर्षांची सवय बोलत होती. दोन दिवस आणि दोन रात्री बल्ब बंद केले नाहीत. एरवी आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी लाइट जाते. त्या दोन दिवसांत मेली एकदाही गेली नाही. गेली असती तर फार बरं झालं असतं.

रंग मात्र असा आला की काय सांगू. गडद, चकचकीत, सगळ्या केळ्यांना एकसारखा. मी टोपली घेऊन वटारला गेलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. आदल्या दिवसापासूनच पडलं होतं. बायने एक केळं हातात घेतलं आणि बोटाने दाबलं.

"जरा कडक लागतंय रे."

"थंडीने. रंग बघशील तर वेडी होशील. एकदम मधासारखा."

"आला रंग?"

"आला म्हणजे काय, आला."

"मंग झालं. तू बघतोस ना." आणि तिने सोपटं घेतली, एकेक बांधायला बसली. डोळ्यांनी न बघता ती गाठ मारत होती आणि प्रत्येक गाठीबरोबर काहीतरी पुटपुटत होती. बहुतेक मोजत होती. मी समोर बसून स्वतःवर खूश होतो. मूर्खासारखा.

भाचा आला तो दुपारी. मी यावं की नाही हा प्रश्न होता, पण बायने निरोप पाठवला, आला नाहीस तर माझ्याशी बोलू नकोस. मी ओटीवर कडेला बसलो. तो बॅग घेऊन आत आला, आईच्या पाया पडला, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बरे आहात?" मी म्हटलं, "बराय." संपलं आमचं संभाषण. माणूस तिशीतच जरा वाकल्यासारखा झाला होता. बाय त्याच्याकडे थोडी तिरकी मान करून बसली होती, कडेच्या नजरेत त्याला धरायला बघत. त्याला ते कळलं नाही. तो समजला, आई रुसली आहे.

मग तिने सुकेळी आणली. चार, ताटलीत. तिला ताटली त्याच्या हातात द्यायची होती, ती हातभर अलीकडे थांबली आणि त्याने पुढे होऊन घेतली. त्याने सोपट सोडलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले. त्या क्षणी तो परत मांडवाखालचा पोरगा दिसला. त्याने चावा घेतला.

त्याचा जबडा थांबला. मी समोरच बसलो होतो. वरचा वाळका थर दातांखाली चामड्यासारखा तुटला असणार, आणि आत, मधोमध, कच्चा लगदा होता. आंबलेला. मला इथून वास आला. आणि तेव्हा एका झटक्यात सगळं माझ्या डोक्यात बसलं. रात्री का झाकतात. दिवसा ऊन वरचं पाणी घेतं, आणि रात्री झाकून ठेवलं की आतलं पाणी सावकाश वर येतं, सकाळचं ऊन मग ते घेतं. त्या केळ्याला थांबणं हवं असतं. मी त्याला दोन दिवस थांबूच दिलं नाही. वरून वाळवून टाळं लावलं आणि आतलं आतच कुजलं.

"कशी हायत?" बायने विचारलं. तिचं सगळं अंग कानात आलं होतं.

भाच्याने घास गिळला. "तशीच, आई. अगदी तशीच."

"खरं?"

"खरं." आणि त्याने दुसरा चावा घेतला. आईच्या तोंडाकडे बघत बघत, ते आंबलेलं, तो खात होता.

मी गप्प बसू शकलो असतो. बाय खूश होती, पोरगा आईचं मन राखत होता, मला काही विचारलं नव्हतं. उरलेली मी घरी नेऊन टाकली असती. पण त्या पोराचा तो घास गिळताना हललेला गळा मला बघवेना. माझी चूक तो खात होता, शब्दशः खात होता, आणि मी त्याला आईला टाकून गेलेला म्हणालो होतो.

"थांब," मी म्हटलं. "टाक ते तोंडातलं. बस खाली. मला चार्ज द्यायचाय."

तो बघतच राहिला. लहानपणी सुट्टीत तो आमच्या क्वार्टरमध्ये यायचा तेव्हा मी त्याला हा खेळ शिकवला होता. कॅरम अर्धा सोडून झोपायला जाताना तो मला चार्ज द्यायचा, कुठली सोंगटी कुठे, राणी कुणाची. त्याला आठवलं असावं. तो बसला.

मी सांगितलं. चूक आधी. तिसऱ्या दिवशी ढग आले. चौथ्या दिवशी तुला फोन करायला आईने सांगितलं, मी केला नाही, माझा ताठा. केळी घरी नेली. आईने रात्री झाकायला सांगितलं होतं, मी झाकली नाहीत. साठ डिग्री, अठ्ठेचाळीस तास, न थांबता. वरून रंग आला, आत कच्चं राहिलं. सगळी छप्पन्न खराब. आईचा दोष काही नाही.

बायचा हात मांडीवर होता तो मुठीत मिटला.

भाचा मला म्हणाला, "पण आईने बांधायच्या आधी बघितली असतील ना? आईला तर रंगाखालचं कळतं. तिने कशी बांधली?"

इथे मी अडकलो. ह्या प्रश्नापर्यंत आपण येणार हे मला आधी सुचलंच नव्हतं. बाय हळूच म्हणाली, "भाऊ." नुसतं एवढंच. शपथेची आठवण होती ती.

पण अर्धा चार्ज देता येत नाही. मी बायकडे न बघता सगळं सांगितलं. दीड वर्ष झालं. आधी उजवा, मग डावा. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. इंजेक्शनं कधी कधी झाली, पुढचं कधी आहे. आवाजावरून चहा ओतते, अजून एकदाही सांडलेला नाही. अंगणातली पायरी तिला दिसत नाही, तिथे मी चुना मारलाय. फोनवर तुला बारीक झालास म्हणते तेव्हा तिला तू दिसत नसतोस. तुला सांगू नको म्हणाली, कारण तू डोळ्यांसाठी यावंस असं तिला नको होतं. आणि तुला कळू नये असं तिला वाटायला लावणारा माणूस मी. त्या दिवाळीला मी तुला जे बोललो ते खोटं होतं. तुला लागावं म्हणून बोललो होतो.

"एवढंच," मी म्हटलं. "काही राहिलं असेल तर ती सांगेल."

मग त्याने, रीतीप्रमाणे, परत म्हणून दाखवलं. "आधी उजवा, मग डावा. मधलं नाही, कडेचं दिसतं. पायरीला चुना." आणि म्हणाला, "घेतला, मामा. तू बस आता."

मी भिंतीला पाठ टेकली. तो उठला आणि आईच्या समोरून निघून तिच्या कडेला, डाव्या बाजूला, जिथे तिला दिसतं तिथे जाऊन बसला. बायने मान हलवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून ती त्याच्याकडे बघत होती, आणि मला माझ्या बहिणीचं असं तोंड पूर्वी कधी दिसलं नव्हतं.

"आता सगळं उघडं पडलंच हाय," ती म्हणाली, "तर खरं सांग. केस पिकले काय रे तुझे?"

"पिकले, आई. पुढचे तर गेलेच."

"बघू," ती म्हणाली, आणि त्याने तिच्या हाताखाली डोकं वाकवलं.